रुखईच्या जिवावर भगताचा धंदा



जिल्हा मेळाव्याच्या अंकात कापसाचा भाव सोडून सापाचे पुराण कशाला, असे तुमच्यापैकी काही जण विचारतील. विचारलेच पाहिजे. भावाचे पान आत आहेच. पण गेल्या पावसाळ्यात आपल्या सभासदांच्या घरांतून ज्या तिरड्या उठल्या, त्यांतल्या सगळ्याच कर्जापायी उठल्या नाहीत. काही पान लागून उठल्या. त्या मरणांबद्दल ना कोणी मोर्चा काढला, ना निवेदन दिले. 'नशीब' म्हणून आपण घरी गेलो. मी त्या नशिबाचा हिशेब मांडायला बसलो आहे, आणि तो मांडताना सुरुवात एका अगदी निरुपद्रवी सापापासून करावी लागते.

मी गोंदिया जिल्ह्यात काम करतो. तुमचा मुलूख कापूस-ज्वारीचा, काळ्या जमिनीचा. इकडे धान, तलाव, बांबू आणि मोह. या पट्ट्याला लोक झाडीपट्टी म्हणतात ते उगाच नाही. मोहफूल वेचायला पहाटे झाडाखाली, तेंदूपान तोडायला उन्हाळ्यात जंगलात, रोवणीला चिखलात, असे इकडच्या माणसाचे वर्ष जाते. सापाची गाठ रोजची. तरी सांगतो ती गोष्ट तुमच्या गावातही घडते, फक्त मोहाच्या जागी तुमच्याकडे बाभूळ किंवा कडुनिंब असतो.

आठ-नऊ वर्षे झाली. नवेगावच्या जंगलाला लागून असलेले गाव. जुलै महिना, रोवणीची घाई. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा घरात जमिनीवर चटई टाकून झोपला होता. रात्री दोन-तीनच्या सुमारास पोट दुखते म्हणून उठला. आईने ओवा दिला. थोड्या वेळाने म्हणाला, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. मग त्याच्या पापण्या जड झाल्या. आईला वाटले झोप येते आहे. उजाडताना तो नीट बोलेना, तेव्हा घरात ओरड झाली. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. नेमके त्याच वेळी अंगणातल्या शेवग्यावर कोणाला तरी साप दिसला. झाले. पंचवीस माणसे काठ्या, बांबू घेऊन त्या सापामागे लागली. साप या फांदीवरून त्या फांदीवर, तिथून कुडावर, कुडावरून शेजारच्या आंब्यावर. अर्धा-पाऊण तास हा खेळ चालला. शेवटी साप पडला, ठेचला, आणि भगताने जाहीर केले, "खुनी भेटला जी. साप मारला, आता इख उतरते."

मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. मुलगा ओसरीत, भगत लिंबाच्या डहाळीने त्याचे अंग झाडतो आहे, आणि अंगणात तो मेलेला साप. लांब, चाबकाच्या वादीसारखा बारीक, पाठीवर तांब्या-पितळेच्या रंगाचा पट्टा, दोन्ही बाजूंना फिकट पिवळसर रेघ, डोळा मोठा आणि बाहुली गोल. रुखई. काही गावांत रुका म्हणतात, काही ठिकाणी नुसताच झाडसाप. तिच्या तोंडात विषाचा दात नाही. तिने आयुष्यात माणूस मारलेला नाही, मारू शकतही नाही. आणि रात्री तर ती झाडावर झोपलेली असते. दिवसा फिरणारा साप आहे तो.

मी सांगितले, हा तो साप नव्हे. मुलाला मण्यार चावली आहे, ताबडतोब दवाखान्यात न्या. भगत हसला. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुमी कापसावरच्या किडीचे डाक्टर, सापाचं तुमाले काय ठाऊक?" खरे होते ते. कृषी पदवीच्या चार वर्षांत सापावर मला एक ओळ शिकवली होती, 'साप शेतकऱ्याचा मित्र आहे'. जे काही शिकलो ते नंतर, अशा अंगणांतून शिकलो. जीप मिळायला साडेआठ. आरोग्य केंद्रावर डॉक्टर नव्हते, लसीच्या कुप्या नव्हत्या. पुढच्या दवाखान्याच्या वाटेवर मुलाचा श्वास थांबला. त्या केंद्राचे नाव मी इथे लिहीत नाही. त्या मुलाचे आईवडील आजही औषधाला तिथेच जातात.

आता बघा, या मुलाला कोणी मारले? मण्यारीने, हे उत्तर अपुरे आहे. मण्यार रात्री उंदीर आणि दुसरे साप शोधत घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली सापडते आणि चावते. दात इतके बारीक की डास चावल्याएवढेही कळत नाही. पोटदुखी, घसा धरणे, पापण्या पडणे, मग श्वासाचे स्नायू लुळे पडणे. या वाटेला काही तास लागतात. म्हणजे त्या मुलापाशी पहाटे तीनपासून साडेआठपर्यंत साडेपाच तास होते. त्यातले पहिले तीन तास कोणालाच काही कळले नाही. पुढचा पाऊण तास आपण रुखई मारण्यात घालवला. त्याच्या पुढचा दीड तास भगताने खाल्ला. उरलेला वेळ सरकारने खाल्ला. या चारही वाटेकऱ्यांची नावे घेतल्याशिवाय मी कोणा एकाला शिव्या द्यायला तयार नाही.

पण पाऊण तासापासून सुरू करू, कारण तो आपला आहे.

रुखई मारायला आपल्याला एवढा उत्साह का येतो? कारण ती दिसते. मण्यार दिसत नाही, ती चावून दिवस उगवायच्या आत बिळात जाते. घोणस पालापाचोळ्यात पाचोळा होऊन पडते. रुखई मात्र भर दिवसा, डोळ्यासमोर, फांदीवरून फांदीवर पळते. पोटाखालचे खवले कडेला धारदार असतात, त्यांचा आधार घेऊन ती उभ्या खोडावर सरसर चढते. डिवचली की मान फुगवते, तेव्हा खवल्यांच्या मधली निळसर कातडी चमकते. अडाणी माणसाला वाटते, बघा, विषाने निळी झाली. खाते काय? सरडे, पाली, बेडूक, एखादे वेळी घरट्यातली अंडी, पिल्ले. कापसाच्या शेतात तिचा काही मोठा उपकार नाही, आणि मी तो सांगणारही नाही. उंदीर खाते ती धामण. ती वेगळी, जमिनीवरची, जाड आणि लांब, तीही बिनविषारी. रुखई तुमची मित्रही नाही, शत्रूही नाही. ती तिच्या कामाला लागलेली असते.

इथे शहरातल्या निसर्गप्रेमी मंडळींशी माझे भांडण आहे. नागपंचमी जवळ आली की ते शाळेत येतात, 'साप शेतकऱ्याचा मित्र' म्हणून पत्रके वाटतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. ज्या घरातून पोर गेले त्या घरी जाऊन हे वाक्य म्हणून दाखवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, साप मारणे गुन्हा आहे, हे सगळे मला माहीत आहे. पण शेतकऱ्याला कायद्याची भीती आणि मैत्रीचा पाठ नको आहे. त्याला कामाची माहिती हवी आहे. रुखईला का मारू नये? पुण्य लागते म्हणून नाही. तिला मारण्यात जो वेळ जातो तो रोग्याचा असतो म्हणून. आणि तिच्या मरणावर एका माणसाची दुकानदारी चालते म्हणून.

ती दुकानदारी कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. विषारी साठेक. त्यांतल्या आपल्या शेताघरात माणूस मारणाऱ्या मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. म्हणजे साप चावला म्हणून जे लोक भगताकडे येतात, त्यांतल्या पुष्कळांना रुखई, धामण, तस्कर, दिवड, कवड्या असले साप चावलेले असतात. शिवाय विषारी साप प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही, कोरडा चावाही असतो. आता समजा (आकडा हिशेबापुरता धरा) शंभर माणसे भगताच्या दारी आली आणि त्यांतल्या सत्तरांच्या अंगात विष गेलेलेच नाही. भगताने त्या सत्तरांना लिंबाचा पाला चारला, कोंबडीचा पार्श्वभाग जखमेला लावला, बाऱ्या म्हटल्या, काहीही केले. सत्तरच्या सत्तर उठून घरी जाणार. न केले असते तरी जाणार होते. गावात बोलबाला काय होतो? सत्तर माणसे तारली. उरलेल्या तीसांतले जे मेले त्यांच्याबद्दल भगत म्हणतो, वेळ भरली होती, उशिरा आणले, वाटेत विटाळ झाला. दुकान कोणते इतके चालते सांगा, जिथे नफा मालकाचा आणि तोटा गिऱ्हाइकाच्या नशिबाचा? आपल्या कापसाच्या व्यापाऱ्यालाही हे जमले नाही.

म्हणजे भगताचे भांडवल मंत्र नाही. त्याचे भांडवल बिनविषारी साप आहे, आणि तो बिनविषारी आहे हे आपल्याला माहीत नसणे आहे. ज्या दिवशी गावातल्या पोरासोरांना रुखई ओळखता येईल, त्या दिवशी 'भगताने रुखईचे विष उतरवले' हे वाक्य विनोद म्हणून सांगितले जाईल. आज ते पुरावा म्हणून सांगितले जाते, आणि त्या पुराव्यावर विसंबून मण्यारीचा रोगी ओसरीत ठेवला जातो.

समजुती तर अशा की ऐकत राहावे. तमिळ मुलखात म्हणतात, रुखई चावली की ती ताडाच्या शेंड्यावर जाऊन बसते आणि मेलेल्या माणसाच्या चितेचा धूर बघते, धूर दिसल्याशिवाय खाली उतरत नाही. आपल्याकडे हरणटोळाबद्दल सांगतात, तो झाडावरून टाळूवर चोच मारतो आणि माणूस जागीच जातो. हरणटोळ म्हणजे तो हिरवागार, दोरीसारखा, टोकदार तोंडाचा. त्याचे विष सौम्य, ते सरड्यापुरते. माणसाला चावला तर जागा सुजते, दुखते, संपले. रात्री फिरणारा मांजऱ्याही त्याच वर्गातला. पण म्हणून 'झाडावरचा साप बिनविषारी' असा उलटा नियम कोणी करू नका. बांबूच्या बनात चपट्या तिकोनी डोक्याचा हिरवा चापडा असू शकतो, तो विषारी आहे. मण्यारही कौलात चढते. जागा बघून नाही, साप बघून ओळखायचे आहे.

आफ्रिकेतल्या शेतकऱ्याचे दुःख याहून वेगळे आहे, आणि ते कळले की आपली चूक जास्त स्पष्ट दिसते. तिकडच्या गवताळ झाडीतही आपल्या रुखईसारखे बारीक, हिरवे, अगदी बिनविषारी झाडसाप आहेत. तेही मारले जातात. पण तिकडे त्याच झाडांवर ग्रीन मांबा आणि बूमस्लँग हे खरे यमदूतही असतात, आणि पानांत हिरवा रंग हलला तर कोणता कोण हे सांगणे कठीण. त्या माणसाच्या भीतीला आधार आहे. आपल्या गोंदियातल्या शेवग्यावर बसलेल्या तांबूस रुखईसारखा दिसणारा एकही जीवघेणा साप आपल्याकडे नाही. आपण सवयीने मारतो.

याच बूमस्लँगची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, नाहीतर हा लेख वाचून एखादा हुशार सभासद साप ओळखून घरीच बसायचा. १९५७ साली अमेरिकेत शिकागोला कार्ल श्मिट नावाचा सर्पशास्त्रज्ञ होता. जन्मभर सापच अभ्यासलेला. ओळख पटवायला आणलेले बूमस्लँगचे पिल्लू त्याला अंगठ्याला चावले. त्याला वाटले, एवढासा साप, एवढेसे विष. दवाखान्यात गेला नाही. काय काय होते आहे ते वहीत लिहीत बसला. दुसऱ्या दिवशी मेला. तेव्हा ओळख ही घरी बसण्यासाठी नाही. साप कोणताही असो, चावला की दवाखाना. बिनविषारी असेल तर डॉक्टर एक दिवस नजरेखाली ठेवून घरी पाठवतील, बिघडले काय?

आणि दवाखान्यात मेलेला साप न्यायची गरज नाही, हेही घराघरात सांगा. आपल्याकडे मिळणारी लस एकच आहे, ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालते. कोणता साप हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतो. पापणी पडली की नाही बघतो, काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठते की नाही बघतो. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर उत्तम, नाही निघाला तर अडत नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला, काठीला बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. दोरीने आवळू नका, ब्लेडने कापू नका, चोखू नका. चालवत नेऊ नका. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. १०८ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका, समोर येणारे वाहन थांबवा.

आता तुमच्या शेतात या. मरण झाडावर नाही, ते तुमच्या गुडघ्याच्या खाली आहे. कापूस वेचताना बाई वाकून बोंडात हात घालते, पाय पाचोळ्यात, आणि घोणस त्या पाचोळ्यातच. ज्वारीची सोंगणी खाली वाकून, मुठीत धांडे धरून. कडब्याच्या गंजीखाली उंदीर, उंदरामागे नाग. पऱ्हाटीची थप्पी घराच्या भिंतीला लावून ठेवतो, तिथेही तेच. रानडुकरांनी ज्वारी सोडायला लावली, आणि ज्यांनी सोडली नाही ते रात्रभर जागलीला, बहुधा जमिनीवरच कांबळे टाकून. माळा बांधा भावांनो, चार फूट उंच असला तरी चालेल. आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. मण्यारीला मच्छरदाणीचा दरवाजा सापडत नाही. ज्यांची विहीर आहे त्यांना हरभऱ्याला पाणी द्यायला वीज रात्रीची. दिवसा वीज देऊ म्हणून सौर वाहिनीच्या योजना जाहीर झाल्या. जिथे ती वीज पोचली तिथे चांगले. जिथे पोचली नाही तिथे अंधारात बांधावरून चालणारा पाय कोणाचा आहे ते मुंबईत बसून दिसत नाही.

इथून सरकारच्या वाट्याकडे येतो. सरकारचा आवडता शब्द आहे 'जनजागृती'. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही पहिला आवाज काय आला? शेतकऱ्याने तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत. मेलेलाच आरोपी. सापाच्या बाबतीत तेच. 'लोक अंधश्रद्धेपायी भगताकडे जातात.' जातात, मी वर त्याची चिरफाड केलीच आहे. पण भगत रात्री दोन वाजता घरी असतो. आरोग्य केंद्राला कुलूप असते. भगत उधारीवर चालतो, जीपवाला रोख मागतो. एकदा केंद्रावर जाऊन 'पुढे न्या' ऐकून आलेला माणूस दुसऱ्या वेळी केंद्रावर कशाला जाईल? भगत मोठा होतो तो अर्धा आपल्या अज्ञानावर आणि अर्धा त्या कुलपावर.

कायदा नाही असे नाही. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चांगला कायदा आहे. पण जिथे वैद्यकीय उपचारच नाहीत तिथे भगताने रोखले कशापासून? कायद्याचे हे वाक्य खरे व्हायचे तर आधी केंद्र उघडे पाहिजे.

आणि उघडे ठेवले तर मरण थांबते, याचा पुरावा याच महाराष्ट्रात आहे. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान पोरे मरत. तिथेही मांत्रिक होतेच. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर वापरली. जिथे दवाखान्यात आलेल्या गंभीर रोग्यांतले चाळीस टक्क्यांच्या घरात मरत, तिथे ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. तिथल्या लोकांची श्रद्धा कोणी भाषणाने बदलली नाही. रोगी वाचायला लागले तसे लोक दवाखान्यात यायला लागले.

सापाची लस तर शंभर वर्षांहून जुनी. आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्ये ती बनत आली आहे. भुकटीच्या रूपातल्या कुपीला फ्रिजसुद्धा लागत नाही, थंड जागा पुरते. विष चढलेल्या रोग्याला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. म्हणजे केंद्रात दोन कुप्या ठेवल्या हे दाखवण्यापुरते झाले, वाचवण्यापुरते नाही. मण्यारीच्या रोग्याला लसीबरोबर श्वास द्यावा लागतो, हाताने दाबायचा रबरी फुगा तरी हवा आणि तो दाबत गाडीत बसणारे माणूस हवे. त्या मुलाला जीपमध्ये तेवढे मिळाले असते तर? हा प्रश्न मी आठ-नऊ वर्षे उशाशी घेऊन झोपतो.

कुप्या का नसतात? त्याचेही गणित आहे. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे १२ लाख माणसे मेली, वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज शास्त्रज्ञांनी घरोघरच्या मृत्यूंच्या चौकशीवरून २०२० साली मांडला. त्यांतली तीन-चतुर्थांशांहून जास्त दवाखान्याबाहेर मेली, आणि जवळजवळ सगळी खेड्यातली. जो ओसरीत मेला, ज्याला त्याच दिवशी जाळले, तो सरकारी वहीत चढत नाही. वहीत मरण नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून कुप्या नाहीत, कुप्या नाहीत म्हणून लोक भगताकडे, आणि भगताकडे मेलेला पुन्हा वहीत नाही. रहाटगाडगे असे फिरते. मार्च २०२४मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३०पर्यंत ही मरणे निम्म्यावर आणू म्हणाले. नोव्हेंबर २०२४मध्ये राज्यांना पत्र पाठवले की सर्पदंशाची प्रत्येक केस नोंदवणे बंधनकारक करा. कागद चांगले आहेत. ते तालुक्याला पोचले का, हे तपासायचे काम आपले.

मरणानंतरचेही ऐका. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, २०२३पासून विमा कंपनी काढून सरळ सरकारी अनुदान केले. साप चावून मृत्यू झाला तर २ लाख रुपये. पण कोणाला? सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. जी मजूर बाई तुमच्या शेतात कापूस वेचताना गेली, तिचा सातबारा कुठला? तिच्या पोरांना शून्य. साप खातेदार बघून चावत नाही, अनुदान मात्र खातेदार बघून मिळते. आणि खातेदाराच्या घरच्यांनाही वैद्यकीय अधिकाऱ्याचा कागद लागतो. तो भगत देत नाही.

म्हणून या मेळाव्यात भावाच्या ठरावानंतर सर्पदंशाचा ठराव येणार आहे. पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर, किमान वीस कुप्या आणि श्वासाचा फुगा. किती कुप्या शिल्लक आहेत ते दाराबाहेरच्या फळ्यावर रोज खडूने लिहिलेले. आणि अपघात अनुदानात भूमिहीन शेतमजुराचे नाव. तिन्ही मागण्यांवर चर्चा होईल, विरोध असेल तर उभे राहून बोला.

येताना प्रत्येक गावच्या दोघांनी आपल्या केंद्रावर जाऊन तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून आणायच्या: आज लसीच्या कुप्या किती, त्यांची मुदत कधी संपते, आणि रात्री कोण असते. दार बंद असेल तर किती वाजता बंद होते तेवढेच लिहा. मागच्या तीन वर्षांत गावात पान लागून गेलेल्यांची यादीही आणा, वय, महिना, आणि आधी कुठे नेले होते ते, नावे नकोत. दरवाजाजवळच्या टेबलावर रुखई, धामण, तस्कर आणि त्या चार विषारी सापांची रंगीत चित्रे लावलेली असतील. पोरांना सोबत आणा.

आणि वाटेत कोणाच्या शेवग्यावर रुखई दिसली तर मोटारसायकल थांबवू नका. मेळावा अकराला सुरू होतो.